दुसऱ्या खोलीपर्यंत तार

टेलिफोनचा जन्म मुळी एका खोलीतून दुसऱ्या खोलीत शब्द पोचविण्याच्या खटपटीतून झाला. १८७६ सालच्या मार्च महिन्याच्या १० तारखेला अमेरिकेतील बोस्टन शहरात, भाड्याने घेतलेल्या आपल्या जागेत, अलेक्झांडर ग्रॅहम बेल याने यंत्रापाशी तोंड नेऊन काही शब्द उच्चारले आणि दुसऱ्या खोलीत यंत्राला कान लावून बसलेल्या टॉमस वॉटसन या त्याच्या साहाय्यकाला ते ऐकू आले. त्या शब्दांत तत्त्वज्ञान नव्हते की काव्य नव्हते. आपल्याला भेटण्यासाठी वॉटसनने इकडे यावे, एवढेच ते साधे बोलावणे होते. पुढे या यंत्राने पर्वत ओलांडले, समुद्र ओलांडले. परंतु त्याने प्रथम ओलांडली ती घरातील एक भिंत.

आज मला आपल्याशी बोलावयाचे आहे ते अशाच एका भिंतीविषयी. घरात टेलिफोन आहे, इंटरनेटही आहे. पण दोन्ही बाहेरच्या खोलीत आहेत. ती सोय आता आतल्या खोलीत, माडीवर, किंवा मागच्या दारच्या खोलीत न्यावयाची आहे. हा प्रश्न आज हजारो घरांत उभा राहतो. वरवर पाहता तो वायरमनचा प्रश्न आहे. चार खिळे, दहा मीटर तार आणि तासाभराचे काम! परंतु जरा थांबून पाहिले म्हणजे त्यात दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेले आढळतात. तार कशी न्यावी हा एक, आणि ती कोणासाठी न्यावी हा दुसरा. पहिल्याचे उत्तर तारा ओढणारा देईल. दुसऱ्याचे उत्तर घराला द्यावे लागते. आणि माझ्या मते ते आधी द्यावे लागते.

थोडे मागे जाऊन पाहू. आपल्या देशात टेलिफोनचे एक्स्चेंज रीतसर सुरू झाले ते १८८२ साली. त्या वर्षीच्या जानेवारीत कलकत्त्याचे एक्स्चेंज उघडले आणि त्याच वर्षी मुंबईचेही. तेव्हापासून पुढे जवळजवळ शंभर वर्षे घरात टेलिफोन असणे ही सोय कमी आणि प्रतिष्ठा अधिक होती. अर्ज करावा आणि वर्षानुवर्षे वाट पाहावी, असा तो काळ. ज्यांना मिळाला नाही ते शेजाऱ्याचा क्रमांक आपला म्हणून देत आणि त्यापुढे ‘पी. पी.’ अशी अक्षरे लिहीत. निरोप आला की शेजारचा मुलगा जिन्यातून हाक मारी आणि चपला न घालताच माणसे धावत सुटत.

अशा मानाच्या वस्तूला जागाही मानाचीच मिळावयाची. म्हणून टेलिफोन दिवाणखान्यात आला. त्याला स्वतंत्र तिवई मिळाली, विणलेला रुमाल मिळाला, आणि काही घरांत तबकडीला लहानसे कुलूपही मिळाले. परंतु या थाटात एक गोष्ट कोणाच्या लक्षात आली नाही. जो दिवाणखान्यात बसतो त्याचा टेलिफोन झाला. जो स्वयंपाकघरात, माजघरात किंवा अंथरुणावर असतो त्याचा तो झाला नाही. नव्या सुनेला माहेरचा फोन आला तर तिने चार माणसांच्या देखत बोलावयाचे. ‘बरी आहेस ना?’ या प्रश्नाला ‘बरी आहे’ याखेरीज दुसरे उत्तर तिला त्या जागी देताच येत नसे. यंत्राने शेकडो मैल जोडले होते. मात्र मोकळेपणाला लागणारी दहा पावलांची आडबाजू त्याने दिली नव्हती.

ती देण्याचा पहिला उपाय म्हणजे त्याच लाइनीवर दुसऱ्या खोलीत दुसरे यंत्र बसविणे. यालाच आपल्याकडे ‘पॅरलल’ म्हणण्याचा प्रघात पडला. तांत्रिकदृष्ट्या ही गोष्ट अगदी सोपी होती. जुन्या टेलिफोनला मुळात दोनच तारा लागत. एक्स्चेंजकडून त्या तारांवर ४८ व्होल्टचा एकदिश विद्युतदाब येई, आणि घंटी वाजविण्याच्या वेळी त्यावर ७५ व्होल्टच्या आसपासचा उलटसुलट दाब सोडला जाई. भिंतीवरील ‘रोझेट’ नावाच्या लहानशा डबीत या दोन तारा येऊन थांबत. त्याच दोन स्क्रूंपासून आणखी दोन तारा काढून आत नेल्या की झाले. यंत्रे मात्र बेताचीच जोडावी लागत. घंटी वाजविण्याची जी शक्ती एक्स्चेंज पाठवी ती सर्व यंत्रांत वाटली जाई, आणि चार-पाच ठिकाणी यंत्रे लावली तर कोणतीच घंटी धड वाजत नसे.

या व्यवस्थेत आणखी एक गंमत होती. यंत्रे दोन असली तरी लाइन एकच. त्यामुळे आतले बोलणे बाहेर बसलेल्याला रिसीव्हर उचलून ऐकता येई. म्हणजे दुसऱ्या खोलीतील यंत्राने एकांत दिला तो यंत्राच्या बळावर नव्हे, तर घरातील माणसांच्या सभ्यतेच्या बळावर. ‘क्लिक्’ असा बारीक आवाज झाला की बोलणारी व्यक्ती क्षणभर थांबे, आणि तो आवाज पुन्हा होऊन दुसरा रिसीव्हर खाली ठेवला गेला की पुढे बोलू लागे. कोणत्या घरात तो रिसीव्हर लगेच खाली जाई आणि कोणत्या घरात जात नसे, यावरून त्या घराची बरीचशी ओळख पटत असे.

१९९५ सालच्या १५ ऑगस्टला आपल्या देशात सर्वसामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट सुरू झाले. ते घरात आले तेव्हा टेलिफोनच्याच दोन तारांवरून आले. त्या पहिल्या दिवसांत इंटरनेट चालू असेतोवर फोन अडलेला राही, आणि आतल्या खोलीत कोणी नकळत रिसीव्हर उचलला तर बाहेरचा संगणक जगापासून तुटे. पुढे डी.एस.एल. आले आणि ही भांडणे मिटली. माणसाचे बोलणे टेलिफोनवरून जाते ते सेकंदाला सुमारे ३०० ते ३,४०० कंपनांच्या पट्ट्यातून. इंटरनेटला त्याच्या कितीतरी वरचा, सुमारे २५,००० कंपनांपलीकडील पट्टा देण्यात आला. एकाच पाटातून वरून एक आणि खालून एक असे दोन प्रवाह जावेत तसे ते झाले, आणि ते वेगळे करण्यासाठी भिंतीशी एक लहानशी गाळणी बसविली की भागे. २००४ सालच्या सरकारी धोरणाने सेकंदाला २५६ किलोबिट एवढ्या वेगाला ‘ब्रॉडबँड’ म्हणावयाचे ठरविले होते. आज तो आकडा वाचताना हसू येते. पण त्या वेळी त्याचे अप्रूप होते.

आता असंख्य घरांत तांब्याच्या तारेची जागा काचेच्या तंतूने घेतली आहे. केसासारख्या बारीक काचेतून प्रकाशाच्या लुकलुकीने संदेश येतो. दाराजवळ बसविलेली एक पेटी त्या प्रकाशाचे विजेच्या संदेशात रूपांतर करते, आणि तिच्यातूनच इंटरनेटही मिळते व टेलिफोनही. ही सुधारणा निःसंशय मोठी आहे. परंतु तिने एक जुना गुण नेला, तो ध्यानात ठेवला पाहिजे. तांब्याच्या तारेवरील टेलिफोनला शक्ती मिळे ती एक्स्चेंजमधील बॅटऱ्यांपासून. म्हणून गावातली वीज गेली तरी तो बोलत राही. काचेच्या तंतूतून वीज येत नाही. घरची वीज गेली की पेटी विझते आणि तिच्याबरोबर टेलिफोनही मुका होतो. ज्या घरात वृद्ध किंवा आजारी माणूस आहे त्या घराने या पेटीला लहानसा बॅटरीचा आधार अवश्य द्यावा. दुसऱ्या खोलीत तार नेण्याच्या खर्चात हा खर्च पहिला धरावा.

या पेटीजवळच्या खोलीत सर्व सुखसोय आहे. प्रश्न पुढच्या खोल्यांचा आहे. २०२० साली मार्चअखेर सारा देश घरात बसला तेव्हा हा प्रश्न एकाएकी प्रत्येकाच्या दारी आला. वडिलांची कचेरी, मुलीची शाळा आणि मुलाचे महाविद्यालय एकाच छपराखाली आले. जेवणाच्या टेबलावर तीन वर्ग भरू लागले. घरात चार खोल्या होत्या. पण इंटरनेट पोचत होते ते दीड खोलीत. मुले गॅलरीच्या कोपऱ्यात, जिन्याच्या पायरीवर, नाही तर गच्चीवर वह्या घेऊन बसत. खोली असणे आणि खोलीत जगाशी संबंध असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या वर्षाने आपल्याला शिकविले.

अनेकांना वाटते की बिनतारी लहरींच्या या युगात तारेचा विचार कशाला? वाय-फायची पेटी आहे. ती अधिक जोरकस घेतली की काम झाले. पण लहरींनाही भिंती कळतात. वाय-फाय चालते ते प्रामुख्याने दोन पट्ट्यांत: एक सेकंदाला सुमारे २४० कोटी कंपनांचा, दुसरा ५०० कोटींहून अधिक कंपनांचा. दुसरा वेगवान, पण भिंतीपुढे लवकर थकणारा. पहिला संथ, पण थोडा अधिक चिवट. कोकणातील जांभ्या दगडाची जाड भिंत, ग्वाल्हेरकडील जुन्या घरांचे दगडी बांधकाम, पुण्याच्या वाड्यातील हातभर रुंद मातीविटांची भिंत, यांपुढे दोघेही हात टेकतात. आजच्या सिमेंटच्या इमारतींत भिंत पातळ असते. पण तिच्या खांबांत आणि तुळयांत लोखंडी सळ्यांचे जाळे असते. धातूचे कपाट, मोठा आरसा, पाण्याने भरलेली टाकी, हेही लहरींचे वैरीच. त्यातून पेटी टीव्हीच्या मागे किंवा चपलांच्या कपाटात कोंबली, तर दोष लहरींचा नव्हे.

म्हणून पहिला उपाय बिनखर्चाचा: पेटी घराच्या मध्याजवळ, उंचावर आणि उघड्यावर ठेवून पाहणे. एवढ्याने कित्येकदा काम भागते आणि पुढचे काहीच करावे लागत नाही. न भागले तर बाजारात लहरी झेलून पुढे फेकणारी यंत्रे मिळतात. त्यांचा उपयोग होतो, पण त्यांची मर्यादा ओळखावी. एकाच पट्ट्यावर ऐकावयाचे आणि त्याच पट्ट्यावर बोलावयाचे म्हटले की अर्धा वेळ ऐकण्यात जातो. वेग जवळजवळ निम्मा होतो. शिवाय जेथे लहरी आधीच दुबळ्या झाल्या आहेत तेथे असे यंत्र ठेवले, तर ते दुबळेपणच पुढे पोचविते. ते ठेवावयाचे तर मधल्या जागी, जेथे लहरी अजून सशक्त आहेत तेथे.

परंतु काम रोजचे असेल, खोली लांब असेल आणि घर आपले असेल, तर तारेसारखा विश्वासू सेवक नाही. घरातून इंटरनेट नेणाऱ्या तारेला ‘इथरनेट’ची केबल म्हणतात. या नावाची कथा मजेची आहे. एकोणिसाव्या शतकात शास्त्रज्ञ असे मानीत की प्रकाशाला वाहून नेणारे ‘ईथर’ नावाचे एक अदृश्य द्रव्य सर्व विश्वात भरून राहिले आहे. तसले द्रव्य नाही असे पुढे ठरले. पण १९७३ साली कॅलिफोर्नियात रॉबर्ट मेटकाफ याने संगणक जोडण्याची नवी पद्धत मांडली तेव्हा त्याने ते टाकून दिलेले नाव उचलले. आकाशातील नाव जमिनीवरच्या तारेला मिळाले. आकाशवाणीच्या श्रोत्यांना त्याचे नवल वाटण्याचे कारण नाही.

या केबलच्या पोटात तांब्याच्या आठ बारीक तारा असतात. नारिंगी, हिरवी, निळी आणि तपकिरी अशा त्यांच्या चार जोड्या. प्रत्येक जोडी वेणीसारखी पिळलेली असते. हा पीळ शोभेसाठी नाही. शेजारून विजेची तार गेली तर तिचा उपद्रव जोडीतील दोन्ही तारांना पिळामुळे सारखाच पोचतो. आणि पलीकडचे यंत्र दोन तारांमधील फरक तेवढा वाचीत असल्यामुळे सारखा उपद्रव आपोआप वजा होतो. ही युक्तीही बेलचीच. १८८१ साली त्याने तिचे पेटंट घेतले. म्हणून केबलच्या टोकाला जोडणी करताना पीळ जितका कमी उलगडावा तितके चांगले. ही केबल १०० मीटरपर्यंत आपले काम चोख करते, आणि आपल्यापैकी बहुतेकांची घरे त्या मर्यादेत बसतात. घेताना ती शुद्ध तांब्याची घ्यावी; अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली केबल स्वस्त मिळते, पण ती लवकर तुटते आणि दगा देते.

ती न्यावयाची कोणत्या वाटेने? नव्या घरात भिंतीत नळ्या घातलेल्या असतात. पण विजेच्या तारांच्याच नळीतून ही केबल ओढण्याचा मोह टाळावा. वेग जातो हे तर खरेच. परंतु मोठी गोष्ट अशी की तेथे जिवाला धोका असतो. तिच्यासाठी वेगळी नळी हवी, विजेच्या तारांपासून वीतभर दूर. आणि दोघींनी एकमेकींना ओलांडणे भागच असेल, तर काटकोनात ओलांडावे. जुन्या घरात भिंत फोडून झिरी पाडण्यापेक्षा चौकटीच्या कडेने प्लॅस्टिकची पट्टी नेणे बरे. भाड्याच्या घरात तर तोच मार्ग. घर सोडताना ती काढून घेता येते. आणि नळीत केबल ओढाल तेव्हा तिच्याबरोबर एक रिकामी दोरी ओढून ठेवावी. आज तिचे काम नाही. दहा वर्षांनी जी कोणती नवी तार येईल, तिला ती वाट दाखवील. काचेचा तंतू मात्र आपण स्वतः पुढे नेऊ नये. त्याला टोकदार वळण सोसत नाही, आणि त्याच्या उघड्या टोकाकडे डोळा लावून पाहणेही योग्य नव्हे. तो कंपनीच्या माणसाने आणून सोडावा. त्यापुढे आपली तांब्याची वाट सुरू होते.

टेलिफोन आत न्यावयाचा असेल तर तीन वाटा आहेत. सर्वांत सोपी म्हणजे बिनदोरीचा कॉर्डलेस संच. त्याचा मूळ भाग पेटीला जोडावा आणि दुसरा हँडसेट आतल्या खोलीत ठेवावा. तार ओढावी लागत नाही, आणि एका खोलीतून दुसऱ्या खोलीत बोलण्याची सोयही बहुधा होते. दुसरी वाट म्हणजे इंटरनेटबरोबर टेलिफोनसाठी तशीच आणखी एक केबल ओढून घेणे. तिची निळी जोडी पुरते. मजुरी एकाच तारेची लागते, म्हणून ओढताना दोन ओढाव्यात. तिसरी वाट जुन्या घरांची. भिंतीत पूर्वीच्या पॅरललची तार अजून जिवंत असेल, तर नव्या पेटीतील टेलिफोनच्या तोंडापासून तीच पुन्हा वापरता येते. मात्र त्याआधी बाहेरून आलेली जुनी जोडी रोझेटपाशी पूर्णपणे सोडवून वेगळी केली पाहिजे. नाही तर एक्स्चेंजचा दाब उलट शिरून नवी पेटी निकामी होण्याचा संभव असतो.

मागच्या दारी वेगळी बांधलेली खोली असेल, तर आणखी एक सावधगिरी. वळवाच्या दिवसांत विजा कडाडतात तेव्हा दोन इमारतींमध्ये उघड्यावरून नेलेली तांब्याची तार विजेचा झटका घरात आणू शकते. तेथे काचेचा तंतूच घालून घ्यावा. त्यातून झटका येत नाही.

येथवर पहिल्या प्रश्नाचा विचार झाला. आता दुसरा: कोणासाठी?

माझ्या परिचयाच्या एका घरातील गोष्ट सांगतो. घर साताऱ्याचे. आई शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या, वय ऐंशीच्या पुढे. त्यांची धाकटी बहीण लग्न होऊन ग्वाल्हेरला गेलेली, ती तेथेच स्थायिक झाली. चाळीस वर्षे दोघींचा दर आठवड्याला फोन. पुढे आईंना ऐकू कमी येऊ लागले, पायही थकले, आणि त्यांची खोली घराच्या मागच्या बाजूला शांत जागी करण्यात आली. टेलिफोन दिवाणखान्यात राहिला. मुलाने त्यांना मोबाइल आणून दिला. पण त्या खोलीत त्याला लहरी मिळत नसत आणि गुळगुळीत काचेवर त्यांची बोटे ठरत नसत. हळूहळू बहिणींचे बोलणे थांबले. घरात कोणालाही ते ठळकपणे जाणवले नाही. कारण फोन बंद नव्हता, कोणी मना केले नव्हते. एकदा मुलगा म्हणाला, “आई, मावशीशी बोलायचं असेल तर बाहेर येऊन बस ना. आम्ही तुला धरून आणतो.” त्या म्हणाल्या, “अरे, मला मोठ्यानं बोलावं लागतं. तिथे सगळ्यांसमोर बसून बोललं की ते भाषण होतं. बोलणं होत नाही.”

मुलगा इंजिनिअर. सहा महिने तो घरभर वाय-फाय कसे खेळवावे याचा विचार करीत होता. मुलीच्या अभ्यासासाठी माडीवर तार गेलीही होती. आईच्या त्या एका वाक्यानंतर आठवड्याच्या आत दुसरी तार मागच्या खोलीत गेली. पलंगाच्या उजव्या हाताला, बसल्याबसल्या पोचेल अशा उंचीवर, मोठ्या आकड्यांचा साधा टेलिफोन आला. त्याची घंटी वाजली की एक लहानसा दिवाही लागतो. आता दुपारी दोन वाजता घर निजलेले असते तेव्हा मागच्या खोलीत मोठ्याने बोलणे चालते. काय बोलतात ते कोणी विचारीत नाही. मी एकदा त्या वेळी तेथे होतो. दाराआडून ऐकू आले ते इतकेच: “अगं, आपल्या आईच्या वेळची ती पितळी परात तुझ्याकडे आहे की माझ्याकडे?” चाळीस वर्षांपूर्वीचा वाद असावा. तो मिटला नाही याचा मला आनंद झाला.

या गोष्टीत यंत्र जुनेच होते, तारही दहा-बारा मीटरच लागली. लागला तो वेळ. आणि तो तार ओढण्यास लागला नाही, कोणाच्या खोलीपर्यंत ती ओढावयास हवी हे कळण्यास लागला. आपल्याकडे असे निर्णय बहुधा घरातील कमावता माणूस आणि वायरमन या दोघांत होतात. ज्याच्या खोलीत तार जावयाची, तो माणूस त्या वेळी दारात उभा असतो. वस्तुतः खुंटी कोठे हवी हे अंगरखा घालणाऱ्याला विचारावे. अभ्यास करणाऱ्या मुलीला टेबल खिडकीशी हवे असते. आपण सॉकेट तिच्या पाठीमागे बसवितो. वृद्धाला वाकवत नाही. आपण ते जमिनीपासून वीतभर उंचीवर बसवितो, कारण नियमाने तसेच बसविले जाते. रात्री पडझड झाली तर हात कोठवर पोचेल, दिव्याचे बटण आणि टेलिफोन एकाच बाजूला आहेत की नाहीत, ११२ हा संकटकाळचा क्रमांक आणि शेजाऱ्याचा क्रमांक यंत्राजवळ ठळक अक्षरांत लिहिलेला आहे की नाही, या गोष्टी कोणत्याही माहितीपत्रकात सापडत नाहीत. त्या त्या खोलीत, त्या पलंगावर दोन मिनिटे बसून पाहिल्या तर दिसतात.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. प्रत्येक खोलीत तार गेली की प्रत्येक खोली एक स्वतंत्र गाव होते, ही तक्रार मी पुष्कळदा ऐकतो आणि ती खोटी नाही. पूर्वीच्या पॅरललवर दुसऱ्याचे बोलणे ऐकू येई, हा दोष होता. आज घरातील चार माणसे चार खोल्यांतून चार दिशांना बोलत असतात आणि कोणाचे कोणाला कळत नाही, हाही गुणच आहे असे म्हणवत नाही. परंतु त्याचा उपाय तारा तोडणे हा नव्हे. ज्याच्या खोलीत तार नाही तो बाहेर येऊन आपल्यात बसतोच असे नाही. पुष्कळदा तो नुसता गप्प बसतो, आणि त्या गप्प बसण्याला आपण समाधान समजतो. एकत्र बसण्यासाठी दिवाणखाना आहे, जेवणाचे पान आहे. तेथे कोणी यावेसे वाटेल असे वातावरण ठेवणे हे घराचे काम. ते काम सॉकेट न बसवून होत नाही.

मराठी माणूस आज देशभर पसरला आहे. इंदूर, बडोदे, हैदराबाद, बंगळूर. कोठे पिढ्यान्‌पिढ्यांचा, कोठे कालपरवाचा. घरातील एक मूल एका शहरात आणि दुसरे परदेशात, हे आता नवलाचे राहिलेले नाही. अशा घरांत आई-वडिलांची खोली ही घराची शेवटची खोली असते. आणि सणाला, सुटीला घरी आलेला मुलगा प्रथम विचारतो तो वाय-फायचा परवलीचा शब्द. या खेपेला त्याने तो विचारण्याआधी आतल्या खोलीत जाऊन पाहावे. तेथे घंटी ऐकू येते का? वीज गेल्यावर यंत्र चालू राहते का? पलंगावरून हात पोचतो का? आणि मुख्य म्हणजे, त्या खोलीतल्या माणसाला कोणाशी बोलावेसे वाटते, हे कोणी विचारले आहे का? पहिल्या तीन प्रश्नांना एक दिवस आणि थोडे पैसे पुरतात. चौथ्याला पैसे लागत नाहीत. तो विचारण्यापुरते खाली बसावे लागते, एवढेच.